चोपन्न तास

लिंट्झला मशीनची ट्रायल शुक्रवारी तीनला संपते.
रविवारी रात्री नऊला व्हिएन्नाहून विमान.
मधले चोपन्न तास
मी जेवणाच्या टेबलावर पसरलेत,
मटाराच्या शेंगांशेजारी.

मुकुंद शेंगा सोलतो आणि भागाकार करतो.
झोप चौदा. रेल्वे सव्वा. विमानतळ तीन.
"उरले पस्तीस. जागा अकरा.
दर जागी तीन तास दहा मिनिटं,
चालणं धरून."
मी भोसरीत क्वालिटीला आहे, सव्वीस वर्षं.
आकडा बरोबर असूनही
जॉब चुकलाय हे मला वासावरून कळतं.

ऋता बंगळुरूहून फोनवर, स्पीकर लावून:
"आई, मुख्य चर्चचा मनोरा चढायचाच.
तीनशे त्रेचाळीस पायऱ्या."
पर्वती तीनदा, वर आणखी थोडी.
टेबलाखाली माझा गुडघा
ऐकलंच नाही असं दाखवतो.

हॉटेल स्टेशनजवळ घेतलं तर स्वस्त,
चौकाजवळ घेतलं तर न्याहारीशिवाय.
राजवाड्याची तिकिटं आधी काढली तर परत मिळत नाहीत,
नाही काढली तर रांग.
एक कॉफी सहा युरो.
मुकुंद शंभराने गुणतो
आणि सोलायचा थांबतो.

तेवढ्यात टिल्लू बाई, तिसऱ्या मजल्यावरच्या,
आमचा डबा परत द्यायला.
रिकामा देत नाहीत कधी; आज त्यात चार आवळे.
वय एक्याऐंशी. डेक्कनजवळच्या एका शाळेत
संध्याकाळच्या वर्गाला
एकतीस वर्षं जर्मन शिकवलं,
ज्यांना जायचं होतं त्यांना.
त्यांचाही पासपोर्ट निघाला होता एकदा.
एकही शिक्का न बसता मुदत संपली त्याची.

"व्हिएन्ना?" चष्मा वर. "पेन दे."
विजेच्या बिलाच्या पाठीवर
एका झटक्यात घोड्याचा नाल:
हा रिंग रस्ता, इथे कालवा, मधोमध चर्च.
हात थरथरला नाही.
ऋता तिकडे नकाशा उघडून बसलेली,
म्हणाली, "अगदी बरोबर आहे."
बाईंनी त्या शेऱ्याकडे लक्ष दिलं नाही.

"अकरा जागा कशाला, नीलांबरी?
सातवा धडा होता आमच्याकडे. कॅफेत.
हेर कोलर खिडकीशी बसलाय
(हेर म्हटलं की दरवर्षी कुणीतरी हसायचंच,
गुप्तहेर म्हणून)
तर तो वेटरला सांगतो,
मी एका मित्राची वाट पाहतोय.
की लगेच व्याकरण.
आठव्या धड्यात एकदम पोस्ट ऑफिस.
एकतीस वर्षं, वर्षाला दोन बॅच,
तो मित्र काही आला नाही बघ."

मग आवळा हातात फिरवत, वर्गातल्या आवाजात:
"आपल्याकडे वाट पाहतात.
त्यांच्या क्रियापदात वाटच नाही.
नुसतं थांबायचं,
कुणावर तरी."

कुकरला शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

मुकुंदने यादीतला शनिवार समोर ओढला.
चित्रसंग्रहालय खोडलं. मग दुसरा राजवाडा.
मनोऱ्यावर पेन क्षणभर थांबलं,
मी काहीच बोलले नाही, तोही खोडला.
"चार ते सात मोकळे झाले," तो म्हणाला,
"इथे काय लिहू?"
"खिडकी," मी म्हटलं.
"कॉफी किती?"
"दोन."
त्याने गुणाकार केला नाही.

बाई दारापर्यंत गेल्या. मॅग्नेट आणू नकोस म्हणाल्या,
फ्रीजला माझ्या जागा नाही.
लिफ्ट आली, जाळी सरकली,
आणि आतून, अर्ध्या खाली गेलेल्या:
"ट्राममध्ये चढलीस की तिकीट पंच कर.
जबर दंड घेतात!
पाचवा धडा."