वजनकाटा

आधी भरलेलं वजन, मग रिकामं.
मधला फरक तो निव्वळ.
त्यातून माती-धुळीचे दोन टक्के वजा.
बावीस वर्षं झाली, एवढंच करतो
जालन्याच्या एमआयडीसीत,
काचेच्या केबिनमध्ये, कूलरसमोर.

भंगार कुठून आलं ते कागदावर नसतं.
कागदावर बंदराचं नाव असतं,
आणि बंदरात कुणी राहत नाही.

मार्चात एक दार आलं.
हिरवं, लोखंडी, मधोमध वाकलेलं.
भोकं होती. मी मोजली नाहीत
(हे खोटं आहे. सतरा.)
वर घराचा नंबर, मला न येणाऱ्या लिपीत.
खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर
खिळ्यानं ओरखडून काहीतरी काढलेलं.
मांजर असावं.
नाहीतर बस.

क्रेनवरून खाजाभाई ओरडला,
काय पाहू राहिले साहेब, भट्टी तापली!
मी हात वर केला.
हात वर करणं म्हणजे ‘चालू द्या’.
चुंबकानं दार उचललं, उचलताना
एक बिजागरी सुटून पायाशी पडली.
ती मी डब्याच्या पिशवीत टाकली.
तीनशे चाळीस ग्रॅम. नोंद केली नाही.

माझ्या घराचा स्लॅब आमच्याच सळईचा.
स्टाफला किलोमागं तीन रुपये सूट.
दुपारचा डोळा लागता लागता
वर बघतो. पांढरं पीओपी, पंखा,
एसी चोवीसवर.
त्याच्या वर टाकी, दोन हजार लिटरची,
आठव्या दिवशी नळ येईपर्यंत पुरून उरते.
आणि या दोन्हींच्या मधे
छातीच्या बरोबर वर
किती दारं निजलीत, कुणाला ठाऊक.

एकदा पाचशे रुपये पाठवले.
मोबाईलवर आभार आले, जोडलेले हात.
त्या रात्री गाढ झोप लागली.
सकाळी त्याच झोपेची लाज वाटली,
आणि चहा मात्र नेहमीसारखाच गोड लागला.

गयाबाईला हे सांगणार होतो.
ती काचेच्या पलीकडं, वीस पावलांवर,
डोक्याला ओला पंचा गुंडाळून
लोखंडातून रबर वेगळं करते.
सांगायला तोंड उघडलं आणि कळलं
की तिच्यासमोर उभा राहून
मी तिसऱ्याच देशाबद्दल हळहळणार आहे.
म्हटलं, या, बसा जरा कूलरपुढं.
आली. खुर्चीवर नाही, फरशीवर बसली.
दोन मिनिटांत उठली,
थंडी वाजू राहिली म्हणाली.
आणि गेली.

वजा केलेली माती काट्याच्या मागं साठते.
पावसाळ्यात तिथं काहीतरी उगवलं,
बारीक, हिरवं, न पाहिलेल्या पानांचं.
मी तीन दिवस त्याला बाटलीतलं पाणी घातलं.
चौथ्या दिवशी गयाबाईनं मुळासकट उपटलं.
गाजरगवत आहे साहेब,
अंगाला खाज येती.

बिजागरी घरी दिसली तेव्हा कुमुद म्हणाली,
मजबूत दिसते, ओट्याखालच्या कपाटाला लावू.
नको कसं म्हणायचं?
सुताराला बोलावलं. चपखल बसली.
फक्त उघडताना करकर वाजायची,
लांब, वर चढत जाणारी करकर.
साखर काढली की करकर.
पोहे काढले की करकर.
मी तेल घालायचं टाळत राहिलो.
वाटायचं, एवढं तरी राहू दे.
दिवसातून चार-सहा वेळा
कुणीतरी आत येतंय असं वाटू दे.

काल पाहुणे होते. मी साखर काढायला गेलो,
दार उघडलं, आवाज आला नाही.
बोटाला तेल लागलं,
शिवणयंत्राचं, पातळ, त्याचा तो वास.
बाहेरून कुमुद म्हणाली, बघितलं का,
किती दिवसांचं राहिलं होतं.

हो म्हणालो.
चहात साखर घातली, दोन चमचे, सपाट.
दार लावलं.
मग उगाच पुन्हा उघडलं,
पुन्हा लावलं.