फाटकाजवळ काय लावावं

फाटकाच्या उजव्या हाताला दीड हात जागा रिकामी.
चिऱ्यांचा गडगा, त्यावर दुपारभर ऊन,
खाली तांबडी माती, निम्मी खडी.
तेवीस वर्षं मी फेरीबोटीची साखळी ओढली,
या काठावरून त्या काठावर;
दोहोंतला एक निवडायचा
प्रसंगच कधी आला नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
पियेदाद तेलाच्या डब्यांतून रोपं मांडून बसते.
म्हटलं, फाटकाजवळ एकच लावायचंय,
बोगनवेल की अबोली?
तिने रोपांकडे नाही, माझ्या चपलांकडे पाहिलं.
"रोज पाणी घालणारा आहेस, की विसरणारा?"
रोज, म्हटलं. सकाळी सव्वासहाला.
"मग बोगनवेल नेऊ नकोस."

मी दोन्ही नेली.

बायको म्हणाली, अबोली बरी.
देवाला चालते, वेणीत दोन दिवस टिकते,
वास नाही म्हणून डोकं चढत नाही.
ही दुसरी ना देवाची ना केसांची,
ही लावायची कुणासाठी?
पाहुण्यांसाठी, मी म्हटलं.
आमच्याकडे पाहुणे येत नाहीत.

दोघींना गडग्याला लागून, ऐन उन्हात बसवलं
आणि एकाच बादलीतलं पाणी
न्यायाने अर्धं अर्धं.
बोगनवेल पानांवर पानं काढत सुटली,
गुबगुबीत, हिरवीगार, काटे मांजराच्या नखांएवढे,
रंगाचा एक कपटा नाही.
अबोलीने चार तुरे काढले, चारही उन्हाने भाजले.
समोरचा आर्सेन्यु कुंपणावर रेलून म्हणाला,
"पात्रांव, पालेभाजी झकास आलीय."

एप्रिलात माझा गुडघा कापला.
वास्कोला मुलीकडे आम्ही एकवीस दिवस.
परत येताना चोडणच्या धक्क्यावरूनच दिसलं:
आमच्या गडग्यावर कुणी लग्नाची पताकांची माळ
फेकून दिल्यासारखं, जांभळं, निर्लज्ज.
काठी टेकत जवळ गेलो, हात लावला.
कागद.
ज्याला आपण फूल म्हणतो ते फूल नव्हेच.
आत, तीन कागदांच्या मधोमध,
मिरीएवढं पांढरं काहीतरी,
कुणी बघत नाहीसं पाहून उमललेलं.
म्हणजे हिला उपाशी ठेवलं की ही नटते.
मला हे पटलं नाही.
तरी खुर्ची मागवली
आणि दिवे लागेपर्यंत तिथंच बसलो.

अबोली मेली होती.
काटक्या, आणि काटक्यांवर वाळकी कणसं.

सकाळी सव्वासहाला हात सवयीने बादलीकडे गेला.
मेलेल्याला पाणी पाजावंच, म्हणून ओतलं.
टक्.
वाटलं, गुडघ्यातला खिळा.
टक्, टक्. चष्म्याच्या काचेवर काही आपटलं.
कणसांतली बोंडं भिजून फुटत होती,
एकेक बी उडत होतं
विहिरीच्या कठड्यावर, माझ्या पायजम्यावर,
थेट आर्सेन्युच्या हद्दीत.
आणि नाव काय, तर अबोली!
बायको आतून ओरडली,
"खडे कोण मारतंय रे सकाळी सकाळी?"

त्यानंतरचं चतुर्थीपर्यंत कळलं.
जिथं मी लावली तिथं एकही नाही.
धुण्याच्या दगडाच्या सावलीत सात,
पन्हळीखाली मोजता येत नाहीत इतकी,
बोटीवरून आणलेल्या जुन्या टायरात दोन,
आणि कोवळी फुलं, शिजलेल्या भोपळ्याच्या रंगाची.
बायको त्यांना रोज खुडते, त्या रोज येतात.
बोगनवेलीला मी पाणी घालत नाही.
सव्वासहाला दोन्ही हात मांड्यांखाली दाबून
पायरीवर बसतो. साखळी ओढणं सोपं होतं.

परवा पियेदादने विचारलं,
शेवटी फाटकाजवळ कोण राहिली?
म्हटलं, फाटकच उघडत नाही आता.
वरून एकीचे काटे, खालून दुसरीची पोरं,
बायको पाय ठेवू देत नाही.
आम्ही विहिरीकडून वळसा घालून
आर्सेन्युच्या अंगणातून जातो-येतो.
तिने पैसे मोजता मोजता मान वर केली.
"मग फाटक विकतोस?"

विचार चाललाय.