जर्मनची किटली

पहिला दगड हातात दिला तेव्हा मगदूम साहेब म्हणाले, वास घे.
मी हसले. दगडाला कसला वास?
"तोंडाची वाफ सोड त्याच्यावर. आता घे."
कोऱ्या मडक्यात पाणी ओतल्यावर येतो तसा वास
राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, भर मे महिन्यात.

अकरा वर्षं झाली, मी बॉक्साइट फोडते.

दिसायला काही नाही त्याच्यात.
चकाकत नाही, पैलू दाखवून मिरवत नाही.
विटकरी, मधेच पिवळट, मधेच सायीसारखा पांढरा,
अंगभर वाटाण्याएवढ्या गाठी,
हुलग्याची उसळ थिजून बसावी तशा.
जिभेला लावला तर चिकटतो.
नियमात बसत नाही, पण सगळेच लावून बघतात.
लोह जास्त तर तांबडा, कमी तर फिकट,
आणि सिलिका वाढली की साहेबांचं तोंड वाकडं.
सिलिका म्हणजे गुळातली खडी.

मुळात हा काळा कातळ होता,
जमीन उलून वर आलेला, ओतलेला, निवलेला.
मग पाऊस. एका वर्षाचा नव्हे, लाखो वर्षांचा.
गुऱ्हाळात विस्तव पाणी उडवतो, गूळ उरतो;
इथं पाण्यानंच काहील चालवली.
चुना गेला, सोडा गेला, गारेचा अंशही हळूहळू गेला,
ओढ्याला, भोगावतीला, पुढे कुठे कुठे.
उरलं ते पाण्याला दाद न देणारं.
आमच्या गल्लीतनं पुण्याला गेले ते गेले.
उरला माझा भाऊ, शिरोलीच्या फौंड्रीत.
त्याच्या भट्टीला आतून ज्या विटा लावतात
त्याही ह्याच दगडाच्या.
लोखंडाचं पाणी होतं, विटा बघत बसतात.

नमुने आणायला एकदा राधानगरीच्या वर, सड्यावर गेले.
ठकूबाई येडगे दूध घालायला खाली निघालेल्या.
किटलीच्या बुडाला पोचा, कडीच्या जागी तार.
"सासऱ्यानं आणल्याली. जर्मनची हाय."
अल्युमिनियमला जर्मन म्हणायचं, माझी आईही म्हणायची,
का ते तिला कधी विचारलं नाही.
मी म्हटलं, "मावशी, जर्मनची कसली,
ह्या तुमच्या सड्याच्या दगडातनंच निघतं ते."

त्यांनी सड्याकडं बघितलं, किटलीकडं बघितलं,
मग माझ्याकडं, मी दुधात पाणी घातल्यासारखं.

सगळं सांगितलं मग. दगड कुटायचा,
कॉस्टिकच्या पाण्यात दाबाखाली शिजवायचा,
मिठासारखी पांढरी पूड निघते,
ती वितळवून तिच्यातनं वीज सोडायची.
"तुमच्या घरातले दोन दिवे महिनाभर जळतील
एवढी वीज ह्या एका किटलीला."
त्यांच्या घरात एकच दिवा होता,
ते मला परत जाताना दिसलं.

"दगड किती लागतो?"
"चार किलोला एक किलो."
"आन तीन?"
"त्याचा लाल चिखल होतो. तळी करून साठवतात."
"कशाला?"
"उपयोग शोधतायत."
"व्हय," म्हणाल्या,
जावयानं नोकरी लागणार म्हणून सांगितल्यावर म्हणतात तसं.

एका हातात दगड, एका हातात किटली,
थोडा वेळ तोलून बघितलं.
मग बोटाची टिचकी मारली, आधी हिला, मग त्याला.
"ही वाजती," म्हणाल्या. "ह्यो वाजत न्हाई."
तेवढ्यात तार सरकली,
किटली कलली, ओंजळभर दूध दगडावर सांडलं.
आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.
ओघळ आला नाही.
गाठीगाठीतनं दगड दूध पिऊन बसला,
पुन्हा होता तसा, मख्ख.

तो नमुना क्रमांक तेहतीस.
अहवालात ओलावा जरा जास्त आला.
साहेबांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
खुलाशाचा रकाना मी कोरा ठेवला.