एकशे ऐंशीचा ठिपका

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, रांगेतलं सातवं घर.
दार उघडत एडविन स्टॅमर्स म्हणाले,
"वर्षाची तपासणी ना? ये पोरी. बूट राहू देत,
फरशीवरून बोलणारी आता कुणी नाही."

स्वयंपाकघरात कोंदट, ओली ऊब.
वर गॅसचे चार बर्नर, खाली विजेचा ओव्हन,
सव्वीस वर्षांची शेगडी, पण पुसलेली, लख्ख.
दोन बर्नर नुसतेच जळत होते,
वर भांडं नाही, किटली नाही.
"हीटर परवडत नाही," ते म्हणाले,
"आणि उत्तर समुद्राला दया नाही."

ज्योत पिवळी होती.
टोकाला केशरी, मधूनच लवणारी,
आणि केटलच्या बुडाला काजळीचं वर्तुळ.
मी बटणं फिरवली. बंद. चारही.
खिडकी उघडली तेव्हा त्यांनी
कोटाची कॉलर वर केली, बोलले नाहीत.

नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं.
बुडबुडा आला नाही. गळती नव्हती.
दोन बर्नरची झाकणं तिरकी बसली होती,
एकाच्या भोकांत उतू गेलेलं दूध, जळून दगड झालेलं.
आणि भिंतीवरची हवेची जाळी:
आत ठासून भरलेलं वर्तमानपत्र,
नोव्हेंबरचं.

"वारा यायचा त्यातून," ते म्हणाले.

मी विचारलं, डोकं दुखतं का?
"रोज. ती गेल्यापासून.
सकाळी उठतो ते जड डोक्यानं,
मळमळतं, दोन घास जात नाहीत.
गोदीवर जाऊन बसलो की बरं वाटतं.
डॉक्टरांकडे कशाला जायचं,
एकेचाळीस वर्षांचा संसार गेला
तर डोकं दुखणारच की."

त्याला वास नाही, रंग नाही, आवाज नाही,
हे वाक्य मी दिवसातून पाच वेळा म्हणते.
त्या दिवशी म्हणताना घसा कोरडा पडला.
मी मुख्य कॉक बंद केला,
शेगडीला लाल चिठ्ठी बांधली: वापरू नये.
दवाखान्यात फोन करून त्यांची वेळ घेतली,
आणि व्हॅनमधून तेलाचा रेडिएटर काढून दिला
जो नियमाप्रमाणे माझ्या व्हॅनमध्ये नसतो.

ओव्हनचं दार उघडलं. तळाला चंदेरी कागद.
"डोरीनचा. घासायला नको म्हणून."
तळाचा तापणारा भाग त्याने झाकला जातो,
मी सांगितलं, आणि कागद मात्र
घडी घालूनच बाहेर काढला.
दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं.
बटणावरचे आकडे केव्हाच पुसलेले,
फक्त एका जागी गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका.
"एकशे ऐंशी," ते म्हणाले. "तिला तेवढंच लागायचं.
सगळं एकशे ऐंशीवर."

पुढच्या गुरुवारी गेले.
जाळी उघडी, वर्तमानपत्र कुठे दिसेना.
टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं,
झाकणं खाचेत बसवली, रबर बदललं,
भिंतीवरचा स्विच काढून तारा पाहिल्या,
एक तपकिरी पडली होती, कापून नवी घातली.
पेटवलं.
निळी. चारही. वाऱ्यात न डगमगणारी,
गोदीवर भरतीआधी असतं तसल्या पाण्यासारखी.

कपाटावर अलार्म ठेवला, बटण दाबून ओरडून दाखवलं.
ते दचकले, मग हसले.
आठवड्यातून एकदा दाबायचा, मी म्हटलं.
"कुठल्या वारी?"
कुठल्याही.
"कुठल्याही म्हटलं की विसरतो मी. वार सांग."
मंगळवार.

ते खुर्चीत बसले. बराच वेळ ज्योतीकडे पाहत.
"डोकं दुखायचं थांबलं," म्हणाले,
जणू तक्रारच.
"म्हणजे ते तिचं नव्हतं तर."

मला काय बोलावं कळेना.
बटणं नवी आणली होती, आकडे कोरलेली.
तीन बदलली.
ओव्हनचं जुनंच ठेवलं, फक्त स्क्रू घट्ट केला,
आणि पावतीवर लिहिलं:
तीन बटणं.