आकडा

वाशीला, सतरा सेक्टरच्या शाखेत,
नागवेकर साहेबांनी पडदा माझ्याकडे वळवला,
म्हणाले, अभिनंदन,
तुम्ही दोघं मिळून बेचाळीस लाखांना पात्र आहात.

पात्र.
आमच्या घरातलं सगळ्यात मोठं पात्र
म्हणजे ज्वारीचा पत्र्याचा डबा,
आणि तोही आईनं कधी काठोकाठ भरला नाही.
वीतभर जागा ठेवावी वर,
हात घालायला, म्हणायची.

धैर्यशील माझ्याकडे बघत होता.
घणसोलीच्या टॉवरमधल्या सोळाव्या मजल्यावर
तो मनानं केव्हाच राहायला गेला होता.
खाडीकडची खिडकी, खाली पोहण्याचं निळं पाणी.
मलाही हवं होतं ते, खोटं कशाला बोलू.
पडद्यांचा रंगसुद्धा ठरला होता माझा.

हप्ता छत्तीस हजार चारशे पन्नास.
बसतो तुमच्या पगारात, साहेब म्हणाले.
बसेल हो.
उठेल कधी?
दोनशे चाळीस महिन्यांनी, त्यांनी सांगितलं,
जशी कुणी गाडीची वेळ सांगावी.

तेव्हा मला अण्णांचा आकडा आठवला.
तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात एकतीस वर्षं
खांद्यावर अडकवलेला तो लोखंडी आकडा,
मूठ घामानं काळी पडलेली.
मी शाळेत शंभरपर्यंत आकडे शिकले,
घरात मात्र एकच, दाराआडच्या खिळ्याला.

गोणी पाठीवर घेण्याआधी अण्णा
आकड्यानं तिचा एक कान उचलून बघायचे.
नवी पोरं हसायची.
त्यातल्या एका कोरेगावकडच्या पोराला म्हणाले होते,
उचलंल रं कुनीबी.
गाळा किती लांब हाय त्ये बघ आधी.
आन् मधीच पाय लटपाटला
तर टेकायला कट्टा हाय का, त्येबी बघ.

मी टोकनची चिठ्ठी उलटी केली.
बेचाळीसचे होतात सत्त्याऐंशी.
धैर्यशीलची महापेची कंपनी
दोन वर्षांत दोनदा पाळ्या कमी करून बसली,
हे पडद्यावर कुठंच नव्हतं.
विक्रांतचा मोबाइलही नव्हता,
शून्य टक्के व्याजावर घेतलेला.
महिन्यात काच तडकली,
त्याच तड्यातून तो अजून
हप्त्याचे मेसेज वाचतो.

सव्वीस, मी म्हणाले. पंधरा वर्षं.
साहेबांनी चष्मा काढला.
ताई, लोक वाढवून मागतात.
मी विचारलं, मधेच जास्तीचे भरले तर दंड आहे का?
नाही, म्हणाले, आणि जरा नाइलाजानं
नवा फॉर्म काढला.
त्यावर पेन्सिलीनं फुल्या मारल्या, सहीच्या जागी.

सव्वीसात आणि साठवलेल्यात जे येतं
ते कोपरखैरण्यात, तळमजल्यावर.
समोर नाला. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल.
ती खिडकी उघडली की दिसते
शेजाऱ्यांची स्कूटर.
हे मी कुणाला सजवून सांगणार नाही.
अण्णांच्या गुडघ्यांना मात्र पायरी एकच.

रिक्षा थांब्यापर्यंत धैर्यशील बोलला नाही.
उसाच्या गुऱ्हाळाशी मी थांबले,
एक सांगू का, दोघांत?
तो एकदम हसला,
दोन सांग बाई, दोन,
इतकी पण काटकसर नको करूस.
दोन सांगितले. मोठे. आलं घालून.

संध्याकाळी अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला.
किती?
सांगितलं.
त्यांनी दाराआड नजर टाकली,
जिथं आता माझी पर्स लटकते.
आन् कट्टा?
सहा हप्ते वेगळे ठेवलेत, मी म्हणाले,
हात नाही लावायचा त्यांना.

बरं, म्हणाले,
आणि आवाज पुन्हा मोठा केला.