हेळव्याची साक्ष

तंबाखूच्या वखारीत मेलेल्या पोरीच्या नखात
कातडीचा एक कण होता, ब्याण्णव सालचा.
पाकिटात सुकत पडलेला.
आता त्याला जीभ फुटली म्हणतात.

निपाणीच्या ठाण्यात फौजदार हुंदरेबाई
कागद पसरतात माझ्यापुढं.
"चारच अक्षरं, तात्या. ए समोर टी, जी समोर सी.
जोडी ठरलेली."
माझ्या चोपडीत अक्षरं लई, जोड्या मोडलेल्या.

बेळगावच्या कुणा डॉक्टरीणबाईनं
हौसेनं थुंकी तपासून घेतली,
तिचा नि त्या कणाचा पणजा एक निघाला.
पणजापासून खाली कोण कोण,
ते यंत्राला ठाऊक नाही.
म्हणून मला चहा.

सुगी सरली की बैलावर बसून फिरायचो आम्ही,
हुक्केरी, संकेश्वर, पार गडहिंग्लजपल्याड.
दारात उभं राहून पिढ्या म्हणायच्या,
ह्या घरी कन्नडात, त्या घरी मराठीत,
सूपभर जोंधळा घ्यायचा.
नावं ऐकता ऐकता घर ताठ व्हायचं.

आज मी म्हणत गेलो, बाई खोडत गेल्या.
हा आधीच वारलेला. हा पलटणीत, आसामात.
हा तवा सहा वर्षांचा.
उरला तो दत्तक दिलेला, आडनाव बदललेला,
यमकनमर्डीचा.
गेल्या साली त्याच्याच पडवीत जेवलो मी,
नातीनं वाढलं.

"रक्ताला दत्तक कळत नाही," बाई म्हणाल्या.

चोपडी मिटली. बोट पानातच राहिलं.
मग विचारलं, पोरीचं नाव काय?
मालव्वा.
आमच्यात लेकी लिहीत नाहीत.
बाईंकडं पेन मागितलं.