एक रेघ कमी

सलमाबाद. रात्रीचे नऊ, शटर अर्धं खाली.
पंखा हवा फिरवतो, गार करत नाही.
ओलं गोणपाट पांघरल्यागत ऑगस्ट अंगावर.

गाडी त्र्याहत्तरची पोर्शे, पिकल्या लिंबाच्या रंगाची,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
हाजी जासिमनी किल्ली दोन्ही हातांनी दिली,
लेकरू दवाखान्यात सोपवावं तशी.
म्हणाले, "दुसऱ्यात टाकतो, चौथ्यात जाते.
कधी कधी कुठंच जात नाही."

दांडा हलवून पाहिला.
आंबील ढवळल्यागत.

शमसू म्हणाला, गिअरबॉक्स गेला.
नाही रे. गिअरबॉक्स मागं बसलाय, हात पुढं.
मधल्या अंधारातून एक लांब सळई जाते,
तिला विचारू आधी.

मागच्या सीटांमधला गालिचा उचलला,
पत्र्याचं झाकण काढलं, एक स्क्रू गंजलेला,
त्यानंच अर्धा तास खाल्ला.
सांध्यात दोन बुश असायला हवे होते.
होता तो भुगा. पिवळा, जुन्या मेणासारखा.
बोटाला लागला. फडक्याला पुसला.

जर्मनीहून मागवायचे तर तीन आठवडे.
हाजींचा राशिद फोनवर चित्र दाखवतो :
पितळेचे घाला, जन्माचं काम होईल.
म्हटलं, नको. पितळ इंजिनाची एकेक कुरकुर
हातापर्यंत आणून सोडतं.
मधल्यानं सगळंच पोचवायचं नसतं.

कोल्हापुरात, उद्यमनगरात, दत्तोबा मिस्त्री
वर्नियरनं बोटांवर मारायचे :
बुश झिजायलाच असतो, गाढवा.
तो झिजतो म्हणून लोखंड राहतं.

डेल्रिनचा पांढरा दांडा चकात आवळला.
लेथवरून साल निघाली ती तुटेचना,
शेवयांसारखी लांबच लांब.
शमसूनं हार करून गळ्यात घातली,
फोटो काढून नोआखालीला बायकोला पाठवला.

पहिला बुश वर्नियरवर एक रेघ कमी भरला.
डोळ्यात घाम गेला होता. हे काही कारण नव्हे.
फेकला. दुसरा नीट उतरला.

पिन ठोकली, ग्रीस भरलं.
मी मागं पालथा, शमसू पुढं दांडा धरून.
डावीकडं. किती?
केसभर.
केस म्हणजे? कोर्टाची?
बाल रे, बाल.
हसताना पाना हातातून सुटला.

साडेअकराला पहिला पडला. खट्. दुसरा. खट्.
कडी कोयंड्यात बसावी तसा.

सकाळी हाजींनी गाडी रस्त्यावर घेतली, मी शेजारी.
पहिल्याच वळणावर दुसरा लागेना.
दात कर्रकन बोलले. पुन्हा. पुन्हा कर्र.
मी त्यांचा हात बघत होतो :
दांडा गुडघ्यापर्यंत ओढायचा,
मग जरासा पुढं, मग झोल घेऊन मागं,
अंधारात वाट माहीत असलेल्या माणसासारखा.
तिथं आता वाट नव्हती. दार होतं.

बाजूला घेऊन थांबले.
"हात बिघडला का माझा?"
नाही हाजी. हाताला ढिलाईची सवय आहे.
बराच वेळ समोर बघत राहिले.
"असंच शिकवलं होतं वडिलांनी.
माझ्या हातावर हात ठेवून. गुडघ्यापर्यंत ओढ, म्हणायचे."
मग हळूच, राशिद मागच्या गाडीत आहे ना, हे आरशात बघून,
"थोडा ढिला करता येईल?"

सव्वीस वर्षं हे काम करतोय.
घट्ट करून द्या, असंच म्हणतात सगळे.
मी म्हणालो, आठवडाभर चालवा. मग सांगा.

गॅरेजला येऊन केराचा डबा पालथा केला.
शमसू म्हणाला, काय हरवलं?
शेवयांच्या गुंत्यात सापडला तो,
एक रेघ कमी पडलेला.
रॉकेलनं धुतला, पुसला,
फळीवर चहाच्या कपाशेजारी ठेवला.

आज नववा दिवस.
हाजींचा फोन नाही.